देव शिक्का मारत नाही

सीमेवर नोकरी केली असं मी सांगते तेव्हा समोरचा माणूस मला आधी वरून खाली न्याहाळतो. गुडघे धरत जिना चढणारी, वाकोल्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी ही बाई सीमेवर काय करत असेल, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. मग मी सांगते की माझी सीमा अंधेरीला होती. यावर लोक हसतात. हसू देत. सीमा म्हणजे बर्फ आणि काटेरी तार एवढंच त्यांना टीव्हीनं शिकवलंय. विमानतळावर ज्या काउंटरवर तुमच्या पासपोर्टवर शिक्का बसतो, त्याच्या पुढे पाऊल टाकलंत की कागदोपत्री तुम्ही देश सोडलेला असतो, मग पाय अंधेरीच्या फरशीवर का असेनात. त्या रेषेवर मी खुर्ची टाकून बसत असे. या कामाला इमिग्रेशन म्हणतात. माझी नणंद त्याला 'शिक्के मारायचं काम' म्हणते आणि मी रिटायर झाल्यावर तिनं विचारलं होतं, "आता हात दुखायचा थांबला असेल ना गं?"

येणाऱ्याला अडवतात हे लोकांना समजतं. जाणाऱ्याला कशाला प्रश्न विचारायचे, हे मात्र भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही. "जातोय तर जाऊ द्या की, तुमच्या बापाचं काय जातंय?" हे वाक्य मी सर्व भाषांत ऐकलेलं आहे. बाबांनो, गुन्हा करून पळणारा जाणाराच असतो. विकायला नेलेली बाईसुद्धा जाणाऱ्यांच्याच रांगेत उभी असते, आणि कित्येकदा तिला स्वतःलाच ते ठाऊक नसतं.

बड्या लोकांचं तर विचारूच नका. एक गृहस्थ काळा चष्मा न काढता उभे राहिले. चेहरा बघायचाय, चष्मा काढा म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, मी कोण आहे माहितीय तुम्हाला?" मी पासपोर्ट उघडून त्यांचं नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आलं का लक्षात?" मागची रांग खदखदून हसली. गृहस्थांनी माझी तक्रार केली. अशा तक्रारींची आमच्यात रद्दी होते.

पूर्वी गुन्हेगारांना निदान कारागिरी तरी लागायची. पासपोर्टवरचा फोटो सोलून दुसरा चिकटवायचा, पानांची शिलाई उसवून पुन्हा घालायची, शिक्के कोरायचे. बोट फिरवलं की खडबडीत लागायचं. नंतर कागद सगळे खरे झाले आणि खोटी राहिली ती फक्त गोष्ट. एकदा एका एजंटानं वीसेक माणसं सिनेमाचं युनिट म्हणून आणली. ट्रायपॉड, लाईटच्या पेट्या, छापील टोप्या, सगळा सरंजाम. मढच्या बंगल्यात म्हणे नुकतंच शूटिंग आटोपलं होतं आणि उरलेली दोन गाणी परदेशात करायची होती. मी एकेकाला विचारत गेले, तुझं काम काय? कुणी असिस्टंट डायरेक्टर, कुणी कॅमेरामन, कुणी हिरोचा मित्र. शेवटी विचारलं, "चहा कोण देतो तुमच्यात?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वीस माणसांच्या युनिटमध्ये स्पॉटदादा नाही! खोटं बोलायचं म्हटल्यावर प्रत्येकाला मोठंच व्हायचं होतं. सगळं युनिट परत गेलं.

ही झाली गंमत. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते, आणि त्यात गंमत नाही.

तुम्हाला फोन येतो ना, की तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलंय, आम्ही पोलीस बोलतोय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका? किंवा एखादी सुंदर मुलगी उगाचच गुड मॉर्निंग पाठवते आणि आठवडाभरात शेअरमध्ये पैसे घालायला सांगते? तुम्ही त्या आवाजाला शिव्या घालता. तो आवाज पुष्कळदा आपल्याच कांदिवलीच्या नाहीतर घाटकोपरच्या पोराचा असतो आणि त्या पोराला खोलीत कोंडलेलं असतं. त्याला बँकॉकला कॉम्प्युटरवरची नोकरी आहे म्हणून नेतात. तिथे गाडी तयार असते. ती शहरात जात नाही, सीमेकडे जाते. नदी ओलांडून पलीकडच्या देशात, जिथे कुणाचंच राज्य नीट चालत नाही, तिथे उंच भिंतींची आवारं आहेत. पासपोर्ट काढून घेतात आणि फसवणुकीच्या कामाला जुंपतात. नकार दिला तर मार, आकडा गाठला नाही तर मार. पळायचा प्रयत्न केला तर काय, ते मी इथे लिहीत नाही. घराघरात फराळाच्या ताटाशेजारी हा दिवाळी अंक वाचला जाणार आहे.

या टोळ्यांना माणसं पुरवणारे मात्र आपल्याच गल्लीतले असतात. गळ्यात साखळी, पांढरा शर्ट, मंडळाच्या बॅनरवर हात जोडलेला फोटो आणि खाली 'आधारस्तंभ'. कोणाचा आधार आणि कसला स्तंभ!

त्या दिवशी मी दुपारच्या ड्युटीला चालले होते. ओळखपत्राचा पट्टा पर्समध्ये होता आणि अंगावर साधी साडी, त्यामुळे मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते. डिपार्चरच्या दारापाशी गोल करून एक कुटुंब उभं होतं. मध्ये नवा कोरा शर्ट घातलेला तिशीच्या आतला माणूस, कपाळाला कुंकू, तळहातावर दही. शेजारी डोळे पुसणारी आई. आणि समोर एक म्हातारा, हातात नारळ, डोळे मिटलेले. तो गाऱ्हाणं घालत होता.

मी मूळची बुलढाण्याकडची, बौद्ध घरातली. आमच्या घरात देव्हारा नव्हता आणि नारळ फक्त चटणीला यायचा. पण वाढले वाकोल्याच्या चाळीत, चहूकडून मालवणी शेजार. त्यांच्याकडे पोराच्या परीक्षेपासून म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाऱ्हाणं व्हायचं. मोठ्या माणसानं देवाला सगळं काम सविस्तर सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा. देवावर माझा काडीचा विश्वास नाही, पण एक मी लहानपणापासून पाहिलंय: गाऱ्हाण्यात कुणी थाप मारत नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोलणारा माणूससुद्धा तिथे खरं सांगतो. काम काय, कुठलं, कुणाच्या मध्यस्थीनं, सगळं. देवाला पत्ता चुकीचा दिला तर तो राखण कुठे करणार?

म्हणून माझे पाय थांबले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुजो लेकरू संदेश परमुलखात नोकरेक चल्लो हा. एजंटान तेका कॉम्प्युटरार काम लावन दिल्यान हा, ता तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तीन वर्सां तेची राखण कर. खावक-जेवक कमी पडान देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि थंय खिडकेर जी कोण मडमीण बसली आसात, तिची नजर बांधून ठेव. तिका झिलाची वाट अडवूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा होकार या वाक्याला.

मडमीण दोन हातांवर उभी होती. मला हसू आलं हे कबूल करते. इतकी वर्षं नोकरी केली, वरिष्ठांनी नजर बांधायचा प्रयत्न केला, नेत्यांच्या पीएंनी केला, आता थेट देवाकडेच अर्ज गेला होता. तेवढ्यात दारावरचा शिपाई ओरडला, "ओ बाबा, नारियल इधर नहीं फोडने का!" आणि म्हाताऱ्यानं नाइलाजानं नारळ पिशवीत टाकला.

तासाभरानं तो नवा शर्ट माझ्या काउंटरवर आला. पासपोर्टवर नाव संदेश घाडी, पत्ता चारकोप. आणि आडनाव वाचल्यावर म्हाताऱ्याचा तो आवाज कुठून आला ते समजलं. घाडी म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेलं घराणं. दुसरा कुणी असता तर दोन शब्दांत आटोपलं असतं. यांच्या पिढ्या देवाला तपशील देण्यात गेलेल्या.

"बँकॉकला कशासाठी चाललास?"

"टूरिस्ट, मॅडम."

"किती दिवस?"

"फाइव्ह डेज, फोर नाइट्स." पाठ केलेलं. पुढे हॉटेलचं नाव, मंदिराचं नाव, बाजाराचं नाव, सगळं धडाधड.

"आणि मग तीन वर्षं राखण कुणाची करायचीय देवानं?"

त्याचा चेहरा पडला. त्याला बाजूच्या खोलीत बसवून पाणी दिलं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका प्रेसमध्ये तो मशीन चालवायचा, प्रेस बंद पडली. एजंट त्यांच्याच सेक्टरमधला, मंडळाचा कार्याध्यक्ष. त्यानं सांगितलं होतं, तिथे उतरल्यावर कंपनी सगळे कागद करते, इथे फक्त टूरिस्ट म्हण. मी त्याला नदीपलीकडच्या आवारांबद्दल सगळं सांगितलं. जे सुटून आले होते त्यांच्या पाठींवरचे वळ मी अरायव्हलला पाहिले होते, तेही सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पेन्शन लागणार. मला घरी बसून काय लागणार?"

नोकरी मी देऊ शकत नव्हते. माझ्याकडे फक्त अधिकार होता. मी त्याला विमानात चढू दिलं नाही. आमच्यात याला ऑफलोड करणं म्हणतात, जणू माणूस म्हणजे गोणी. त्याचं सामानही परत काढलं गेलं.

बाहेर अजून सगळे थांबलेलेच होते. मी स्वतः जाऊन सांगितलं, कारण अशा वेळी शिपायाला पुढे करून आपण मागच्या दारानं जाणं मला जमत नाही. म्हाताऱ्याला मी म्हटलं, "आजोबा, देवाला सगळं खरं सांगितलंत, मग मलाच खोटं का सांगायला लावलंत पोराला?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं. दुपारी बाजूला उभी असलेली बाई त्याला आता ओळखता आली. म्हणाला, "बाय, देव शिक्को मारणा नाय. देव अडवणा नाय. तुका कशाक खरा सांगू?"

आईनं नुसतं एवढंच म्हटलं, "पोटार पाय दिलंस माझ्या झिलाच्या."

आठवड्याभरात तो कार्याध्यक्ष माझ्या घरी. वाकोल्याचा पत्ता कुठून काढला कोण जाणे. मिठाईचा बॉक्स, मंडळाची निमंत्रणपत्रिका आणि तोंडात साखर. "ताई, तुमच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे देश सुरक्षित आहे. पण गरिबांच्या पोरांना जरा सांभाळून घ्या. मी काय कमावतो यात? समाजसेवा आहे."

"तुमचा मुलगा काय करतो?"

"बारावीला आहे. हुशार आहे खूप."

"मग त्याला पाठवा की पहिल्यांदा. समाजसेवा घरापासून सुरू करावी."

तो हसला. असल्या माणसांचं हसणं मी ओळखते, ते ओठांच्या वर चढत नाही. मिठाईचा बॉक्स मी त्याच्या हातात परत दिला आणि त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीन झाला. नवरात्रात तो पुन्हा बॅनरवर होता, फोटो आधीपेक्षा मोठा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. आमच्याकडे संन्यासी मिळत नाही, म्हणून चोराला हार घालतात.

माझी मात्र एक समजूत झाली होती की एक तरी पोरगा वाचला. ड्युटीवरून घरी येताना मी कधी कधी स्वतःशीच म्हणायचे, इंगळेबाई, आजवर मारलेल्या शिक्क्यांपेक्षा न मारलेला तो एक शिक्का मोठा.

रिटायर व्हायला थोडे महिने उरले होते. भर दुपार, लांब रांग. समोर पासपोर्ट आला: निलेश घाडी, चारकोप.

"कशासाठी?"

"फिरायला."

"संदेश घाडी तुझा कोण?"

तो चपापला. मग मोकळेपणानं हसला. "मोठा भाऊ. तुम्हीच अडवलेलं ना त्याला? तो मग दुसऱ्या शहरातून गेला, मॅडम. तिकडून कोणी विचारलंसुद्धा नाही. मजेत आहे एकदम. त्यानंच बोलावलंय मला."

माझ्या हातात पासपोर्ट होता, तो तसाच राहिला. त्या आवारांतला एक नियम मला सुटून आलेल्यांनी सांगितला होता. सुटायचं असेल तर आपल्या जागी माणूस आणून द्यायचा. अनोळखी माणूस आता येत नाही, लोक सावध झालेत. म्हणून सख्खे, चुलत, मेहुणे आणायचे. तेवढ्या कामासाठी फोन हातात देतात.

निलेशला खोलीत नेलं. हे सगळं सांगितलं तर तो चिडला. "काहीही काय, मॅडम? माझा भाऊ आहे तो. थांबा, तुमच्यासमोर लावतो व्हिडिओ कॉल." आणि लावला.

संदेश दिसला. शर्ट नवा, इस्त्रीचा. गालफडं आत गेलेली. आधी भावाला बघून हसला, मग मागे मला पाहिलं आणि हसू गेलं. त्याच्या मागे कुणाचा तरी हात खुर्चीच्या पाठीवर होता, तेवढाच हात दिसत होता.

"मॅडम," तो हिंदीत म्हणाला, मोठ्यानं, मागच्याला ऐकू जावं म्हणून, "यहाँ सब अच्छा है, जाने दो ना उसको."

मग तो एकदम हळू आवाजात, मालवणीत, एका दमात बोलला. "मॅडम, तेका पाठवा. पाया पडतंय तुमच्या. तो इलो की माका सोडतले."

फोन बंद झाला. त्यानं केला की त्या हातानं, माहीत नाही.

निलेशनं फोन टेबलावर उपडा ठेवला. मला वाटलं, आता हा भावाला शिव्या देईल. सख्ख्या भावानं विकायला काढलं होतं त्याला, कुणीही दिल्या असत्या. एजंटाची, त्या टोळीची, सगळ्यांची जी घृणा मी इतकी वर्षं मनात साठवली होती ती आता याच्या तोंडून बाहेर पडेल असं मला वाटलं.

तो म्हणाला, "मॅडम, मारा शिक्का."

"तुला कळलं ना त्यानं काय सांगितलं?"

"कळला. माजा काय ता मी बघीन थंय. माजी तब्येत बरी आसा, मी काढीन दिवस. तेची नाय ओ. तुम्ही बघितलात ना तोंड तेचा?" आणि मग पुन्हा, "मारा ना शिक्का."

मी मारला नाही. कोणता अधिकारी मारेल? जिवंत माणूस त्या भिंतीआड पाठवायचा, तो स्वतः मागतोय म्हणून? शिवाय सोडणारेही तेच, शब्द देणारेही तेच. एकाच्या जागी दोघांना ठेवून घेतलं असतं त्यांनी. हे मी निलेशला सांगितलं, वरिष्ठांना सांगितलं, घरी येऊन रात्रभर स्वतःला सांगितलं. सगळं बरोबर आहे. आजही बरोबरच आहे.

मग जे करता येतं ते सगळं केलं. दूतावासाला अर्ज, पोलिसांना जबाब, त्या कॉलची माहिती. संदेशची आई माझ्या घरी येऊन बसायची. मी लिहायचे, ती अंगठ्यासारखी सही करायची. अधूनमधून सुटलेल्या भारतीयांची विमानं येतात. पहिल्यांदा मी आणि ती दोघी अरायव्हलच्या बाहेर जाऊन उभ्या राहिलो. त्यानंतर ती एकटी जाऊ लागली. त्यांच्यात संदेश अजून आलेला नाही. त्या दुपारनंतर त्याचा फोनही आलेला नाही.

माझी नोकरी संपली. निरोपसमारंभात एका साहेबांनी भाषणात सांगितलं की मॅडमनी अनेक घरं वाचवली. शाल चांगली होती.

परवा फराळाची भाजणी भाजत होते आणि फोन वाजला. संदेशची आई. मला वाटलं काही बातमी आली. बातमी नव्हती. निलेशला मालाडला नोकरी लागली एवढं तिनं सांगितलं. मी म्हटलं, चांगलं झालं. कढईतली भाजणी करपायला लागली होती, मी गॅस बंद केला.

"बाय," ती म्हणाली, आवाजात राग नव्हता, "दोघांतलो एक माझ्याकडे रवलो, ता तुझ्यामुळे. पण खयचो ठेवचो ता तू माका एकदा इचारूक होया होता."